राऊटर बंद असताना आलेली हाक

आधीच सांगते, ह्या सदरातले अनुभव मी आजवर दुपारच्या चहाबरोबर वाचत आले, ते निव्वळ करमणूक म्हणून. कोणाला विहिरीवर बाई दिसली, कोणाच्या मागे पावलं वाजली... वाचायचं, हसायचं आणि कामाला लागायचं. माझा धंदाच मुळी तसा आहे. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, वर्ध्यात घरी बसून. काही विचित्र घडलं की त्याचं कारण शोधायचं आणि ते सापडेपर्यंत जागचं हलायचं नाही, ह्याचाच मला पगार मिळतो. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाज वाटतेय. पण बाबांनी "लिही" म्हटलं, आईने मान डोलावली, आणि शेजारच्या बेबीकाकूंनी तर "माह्यं नाव बराबर घालजो" असं बजावलंय. तेव्हा लिहिते. जसं झालं तसं.

माझं माहेर सिंदी रेल्वेचं. वर्ध्याहून नागपूरकडे जाताना लागतं ते. स्टेशनच्या मागच्या बाजूला दोन खोल्या खाली आणि एक वर, असं आमचं घर आहे. वरच्या खोलीच्या खिडकीतून रेल्वेचे रूळ दिसतात आणि कापसाच्या दिवसांत जिनिंगच्या गिरणीकडून उडत आलेला कापूस खिडकीच्या जाळीला चिकटून बसतो. आई तो रोज झाडते, तो रोज परत येतो.

बाबा वनखात्यात होते, वनरक्षक. आम्ही गोंड. बाबांचं गाव कारंजाकडच्या जंगलपट्ट्यातलं, आणि त्यांची बोली गोंडी. पण नोकरी लागली, बदल्या झाल्या, आई मिळाली ती अशा घरातली की जिथे गोंडी कधीच मागे पडली होती... आणि मग बाबांचीही हळूहळू सुटली. आम्हां भावंडांना तर आलीच नाही. बाबा ती भाषा बोलायचे ते फक्त एकाच माणसाशी. त्यांची मोठी बहीण, माझी सोनाआत्या. बाबा तिला 'बाई' म्हणायचे. त्यांची आई लवकर गेल्यामुळे बाबांना तिनेच वाढवलं होतं. आत्या गायची. लग्नातली, पेरणीची, मोह वेचतानाची, कशाकशाची गाणी. बाबा सुट्टीत गावी जाताना टेपरेकॉर्डर घेऊन जायचे आणि तिला गायला बसवायचे. ती लाजायची, शिव्या द्यायची, मग गायची. अशा पुष्कळ कॅसेट जमल्या. आत्या जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

तीन-एक वर्षांपूर्वी मी त्या सगळ्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवल्या. बाबांसाठी घेतलेला कॉम्प्युटर वरच्या खोलीत होता, त्यातच सगळं भरलं. बहुतेक कॅसेट चांगल्या निघाल्या. एक मात्र पार गेलेली होती. कधीतरी तिच्यात पाणी शिरलं असावं. तिच्यातून नुसती खरखर आली, बाकी काही नाही. तरी बाबा म्हणाले, "ते बी राहू दे." म्हणून ती खरखरसुद्धा मी जपून ठेवली.

आता मुख्य गोष्ट. गाणी सिंदीला, मी वर्ध्यात. गाणी कापायची, आवाज साफ करायचा, हे काम मी सवडीने इथून करत होते. त्यासाठी तिथला कॉम्प्युटर चालू पाहिजे. आणि आमची आई... रिकाम्या खोलीत पंखा फिरलेला तिला चालत नाही, तिथे दिवसभर चालू ठेवलेला कॉम्प्युटर कसा चालेल? दर वेळी फोन करून सांगावं, तर तिचे गुडघे दुखतात, बाबांना जिना नको असतो. म्हणून मी एक युक्ती केली. बिस्किटाएवढं एक छोटं बोर्ड येतं, मायक्रोकंट्रोलर. फार स्वस्त आणि फार शहाणी वस्तू. ते मी घरातल्या राऊटरशेजारी मोबाईलच्या चार्जरवर लावून दिलं. मी वर्ध्यात फोनवर एक बटण दाबायचं, निरोप त्या बोर्डापर्यंत जायचा, आणि ते बोर्ड घरच्या नेटवर्कवर कॉम्प्युटरला हाक मारायचं. झोपलेल्या कॉम्प्युटरचा एक कान उघडा असतो, तारेला जोडलेल्या नेटवर्क कार्डाचा. त्या कार्डाचा स्वतःचा एक पत्ता असतो. तो पत्ता लागोपाठ सोळा वेळा ऐकू आला, की आपल्यालाच बोलावतायत हे त्याला कळतं आणि कॉम्प्युटर उठतो. ह्या निरोपाला 'मॅजिक पॅकेट' म्हणतात. हे नाव मी दिलेलं नाही, खरंच तेच नाव आहे त्याचं.

कॉम्प्युटर जागा झाला की माझ्या फोनवर मेसेज यायचा. काम झालं, थोडा वेळ कोणी हात लावला नाही, की तो आपोआप परत झोपायचा. आई खूश, मी खूश. बाबा एकदा खुर्चीत बसून हा प्रकार बघत होते. पडदा आपोआप उजळला तेव्हा म्हणाले, "कोनं उठवलं याले?" मी फोनवरून म्हटलं, "मी." ते खूप हसले होते.

गेल्या वर्षी दिवाळी होऊन गेल्यावर, एका सकाळी अंगणात तोंड धुताना बाबा खाली बसले आणि परत उठलेच नाहीत. बोलणं अडकलं, उजवा हात गेला. बेबीकाकूंच्या मुलाच्या गाडीत घालून त्यांना वर्ध्याच्या दवाखान्यात आणलं. मेंदूत रक्तस्राव. पहिले काही दिवस आयसीयूत गेले. मग बाहेर वॉर्डात आणलं, पण जाग नाही. श्वास चालू, नाडी चालू, डोळे मिटलेले. डॉक्टर म्हणाले, "सूज उतरतेय, आता त्यांनी उठायला हवं. बोलत राहा त्यांच्याशी. नावाने हाका मारा."

आई माझ्याकडे राहायला आली. सिंदीचं घर घाईघाईत बंद केलं होतं. किल्ली बेबीकाकूंकडे. झाडांना पाणी घालायला त्या दुपारी जायच्या.

वॉर्डातल्या त्या दुपारी मला अजून आठवतात... सगळे पेशंट जेवून झोपलेले, नातेवाईक जमिनीवर पसरलेले, पडद्यातून पिवळं ऊन आत झिरपायचं आणि त्या उन्हात धूळ अगदी सावकाश, कुठे जायची घाई नसल्यासारखी तरंगायची. आई एका बाजूला बसून बाबांचा पाय चोळत असायची. मी दुसऱ्या बाजूला. हाका मारून मारून आमचे आवाज बसले होते. शेवटी शेवटी तर आपण कोणाला हाक मारतोय तेच कळेनासं व्हायचं. शब्द नुसताच तोंडात राहायचा.

अशाच एका दुपारी माझा फोन थरथरला. सिंदीहून मेसेज. कॉम्प्युटर जागा झाला.

मी बटण दाबलेलं नव्हतं. पण मला काही वाटलं नाही. सिंदीला लाईट जाते, येते. बोर्ड बंद होऊन चालू झालं की कधी कधी उगाच हाक मारत असेल, माझ्याच कोडमधली चूक असेल, असं म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी परत. तिसऱ्याही दिवशी. चौथ्या दिवशी मेसेज आला तेव्हा माझी नजर सहज बाबांच्या चेहऱ्यावर होती, आणि मला दिसलं की त्यांचे ओठ हलतायत. अगदी थोडे. आपण झोपेत कोणाला तरी उत्तर देतो ना, तसे.

"आई, पाहा!"

आईने पाहिलं. तिनेही पाहिलं ह्याची खात्री मी नंतर करून घेतली आहे. काही क्षण ओठ हलले आणि थांबले. मी उत्साहाच्या भरात आईला सगळं सांगितलं. मेसेज काय, बोर्ड काय, रोज दुपारी काय होतंय. मला वाटलं ह्या योगायोगाचं तिला कौतुक वाटेल. पण तिचा चेहरा उतरला.

"त्या कंपूटरात काय आहे वं?"

"आत्याची गाणी. तुला माहीत आहे ना."

आईने बाबांचा पाय घट्ट धरला. मग एकदम हलक्या आवाजात म्हणाली, "बंद कर ते. आत्ताच्या आत्ता बंद कर."

"अगं, पण..."

"तुले समजत नाई काय? ती त्याइले बलावून राह्यली. गेलेल्या मानसानं हाक मारली त ओ नाई द्याची, आन हे ओ देऊन राह्यले. न्यायले आली ती. तिचा लय जीव होता यायच्यावर."

मी तिला समजावत बसले नाही. खरं सांगायचं तर त्या उन्हात, त्या शांततेत, तिचं बोलणं मला वेड्यासारखं वाटलं नाही.  मी वॉर्डाबाहेर जाऊन बेबीकाकूंना फोन लावला. राऊटर कुठे आहे ते सांगितलं, त्याची पिन काढायला लावली. शेजारचं छोटं बोर्डही काढायला सांगितलं.

"हे इवलुसं? हे त बिस्कुटासारखं दिसते वो बाई."

"तेच. ते तुमच्या घरी नेऊन ठेवा."

त्यांनी ते नेऊन आपल्या स्वयंपाकघरातल्या डब्यात टाकलं, मेथीदाण्याच्या. नंतर मी सिंदीला गेले तेव्हा ते तिथूनच काढून घेतलं, म्हणून खात्रीने सांगते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेसेज आला नाही. येणारच नव्हता, राऊटर बंद म्हणजे घराचा बाहेरच्या जगाशी संबंध बंद. आई जरा सैलावली. पण बाबाही त्या दिवशी अगदी गप्प होते. सकाळी डॉक्टर येऊन बाबांच्या डोळ्यांत बॅटरी मारून गेले होते, बाहेर गेल्यावर म्हणाले होते, "प्रतिसाद कमी होतोय. आणखी एक-दोन दिवस बघू." पुढे काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी बाबांचा हात हातात घेऊन बसले होते. डोळा लागतोय असं वाटत असतानाच फोन वाजला. बेबीकाकू.

"वंदू... घाबरू नको. मी तुमच्या घरी आहे. झाडाईले पानी घालून राह्यली होती."

"काय झालं काकू?"

"वर कोनीतरी गाऊन राह्यलं."

मी बाबांचा हात खाली ठेवला आणि उठून उभी राहिले.

"मी म्हटलं, रेडिओ राह्यला असन चालू. वर गेली त कंपूटर सुरू आहे. आन त्याच्यातून गानं येऊन राह्यलं. बाईचा आवाज आहे."

"काकू, राऊटरची पिन..."

"काढेलच आहे. माह्या डोयासमोर लोंबून राह्यली ती. ते बिस्कुट तं माह्या घरी आहे."

मी आईकडे पाहिलं. ती मला पाहत होती. तिला काकूंचं बोलणं ऐकू जात नव्हतं, पण माझा चेहरा दिसत होता.

"कोणतं गाणं आहे, काकू? कसं आहे?"

"मले काय समजते ती बोली. पण आवाज कसा कोवया आहे पोरी... नव्या नवरीसारखा. मले काई भेव नाई वाटून राह्यलं बरं. मी त खाली बसली आयकत."

कोवळा आवाज. मला माहीत असलेला आत्याचा आवाज म्हातारीचा. थोडा चिरका, मधेच खोकल्याने थांबणारा. एकही कॅसेट तिच्या तरुणपणीची नव्हती, तेव्हा बाबांकडे टेपरेकॉर्डर कुठला? मी काकूंना पडद्यावर काय लिहिलंय ते वाचायला सांगितलं. त्यांनी अडखळत वाचलं. मी स्वतः दिलेलं नाव होतं ते. 'खराब'. पाण्याने गेलेली ती कॅसेट.

"काकू, फोन जरा स्पीकरजवळ धरा."

आणि मग मी ते ऐकलं.

ह्याचं वर्णन करायचा प्रयत्न मी पुष्कळदा केला आहे. खरखर होतीच, पण मागे, लांब. पानांत वारा असतो तशी. आणि तिच्या अलीकडे एक मुलगी गात होती. गाणं असं म्हणायला फार काही नव्हतं त्यात, चार सूर वरून खाली यायचे, परत वर जायचे. चालता चालता गावं तसं. मधे मधे श्वास लागत होता तिला, चढ चढताना लागतो तसा. एका जागी ती हसली. मला त्यातला एक शब्द कळला नाही आणि तरी असं वाटलं की हे मी ऐकलेलं आहे... मी जन्मायच्याही आधी कधीतरी. वॉर्ड, खाटा, सलाईनच्या बाटल्या, सगळं पाण्याखालून दिसावं तसं दिसायला लागलं. भीती अजिबात नव्हती. झोप येण्याआधी एक हलकेपणा येतो, तसं होतं.

मी फोनचा स्पीकर चालू केला आणि तो बाबांच्या कानाशी नेला.

आईने माझं मनगट पकडलं. दोन्ही हातांनी.

"वंदू, नको. तुह्या पाया पडते. नको."

"आई, आपल्या हाकेला ते उठत नाहीत."

"म्हनून तिच्या हाकेनं जाऊ द्याचे काय?"

  ती बरोबर असती तर? हा प्रश्न मला अजून कधी कधी पडतो. पण त्या क्षणी फोनमधून तो आवाज येत होता, आणि इतक्या मायेचा आवाज कोणाचं वाईट करायला आला असेल असं मला वाटेना. मी एवढंच म्हणाले, "आई, तू पण ऐक ना जरा." तिने ऐकलं. तिची पकड हळूहळू सैल झाली, सुटली मात्र नाही. आम्हां दोघींच्या हातांनीच तो फोन उशीवर टेकला.

गाणं चालू होतं. शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली होती आणि आमच्याकडे बघत होती. बाबांचे ओठ हलायला लागले. मग कपाळावर आठ्या पडल्या, कोणीतरी रागावल्यावर लहान मुलाच्या पडतात तशा. आणि मग अगदी सहज, दुपारच्या झोपेतून उठावं तसे, त्यांनी डोळे उघडले. छताकडे पाहिलं. आईकडे पाहिलं.

"येर," ते म्हणाले.

येर म्हणजे पाणी. गोंडीतला तेवढा एक शब्द मला येतो.

आईने पाण्यासाठी अशी काही धाव घेतली की स्टूल पडलं. सिस्टर आली, डॉक्टरांना बोलावणं गेलं, धावपळ झाली. त्या गडबडीत फोनमधलं गाणं कधी थांबलं ते मला कळलंच नाही. नंतर कानाला लावला तर काकूच बोलत होत्या, "बंद झाला वो तो. आपल्या आपुनच. मी हात बी नाई लावला."

बाबा उठले, पण मराठी विसरून. काही दिवस ते नुसतं गोंडीच बोलायचे. आम्ही दोघी बावळटासारख्या बघत राहायचो. डॉक्टर म्हणाले, असं होतं, मेंदूच्या आजारात कधी कधी नंतर शिकलेली भाषा आधी जाते आणि लहानपणीची राहते. तेवढ्यापुरतं कारण मिळालं, मला बरं वाटलं. मग हळूहळू एकेक मराठी शब्द परत यायला लागला. पहिल्यांदा आईचं नाव. मग 'चहा'. हात अजून पुरता नाही, पण काठी घेऊन आता ते अंगणात फिरतात.

त्यांना घरी सोडायच्या आदल्या दिवशी मी एकटीच सिंदीला गेले आणि माझ्या पद्धतीने तपास केला. राऊटरची पिन लोंबत होती. बोर्ड मेथीदाण्यांत होतं. कॉम्प्युटर शेवटचा कशामुळे उठला हे तो स्वतः सांगतो, ते पाहिलं. बटण दाबल्यामुळे नाही, लाईट येऊन-जाऊन नाही. नेटवर्क कार्डामुळे. म्हणजे तारेवरून हाक आली. तार मी हाताने चाचपत गेले. ती एका टोकाला कॉम्प्युटरमध्ये, दुसऱ्या टोकाला बंद पडलेल्या राऊटरमध्ये. मधे कोणी नाही. मग ती फाईल लावली. खरखर. सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसती खरखर. आवाज साफ करायची जितकी म्हणून सॉफ्टवेअर मला माहीत आहेत ती सगळी मी तिच्यावर चालवून पाहिली. काही नाही. खिडकीच्या जाळीला कापूस भरपूर साठला होता, आई नव्हती ना झाडायला. मी तो झाडला आणि कुलूप लावून परत आले.

बाबांना मी बरेच दिवस काही विचारलं नाही. उन्हाळा लागायच्या सुमारास एका दुपारी ते अंगणात खाटेवर बसले होते, आई पायरीवर गहू निवडत होती. मी त्या गाण्याची चाल गुणगुणले. मला जेवढी आठवत होती तेवढी. बाबांनी मान वळवली.

"हे तुले कुठून आलं?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते, अजिबात आश्चर्य न दाखवता. मग म्हणाले, बोलणं अजून जड आहे त्यांचं, एकेक शब्द ठेवत ठेवत बोलतात,

"बाई मोह वेचायले जाये. अंधारातून. मी मागं मागं जावो. लहान होतो. तिले टोपलं, वरून मले पाह्यचं... म्हनून ती मले वापस पाठवे. मी नाई ऐको. मंग ती गाये हे गानं. चालता चालता."

"काय आहे त्यात, बाबा?"

"काय आहे... घरी जा. ऊन होईन. तुह्या पायात काटा रुतन. चुलीवर पेज ठेवली आहे, थंडी होऊन जाईन. जा, माह्या मागं नको येऊ." ते थांबले. "दवाखान्यात मी झोपलो होतो ना, तेव्हा मी तिच्याच मागं चाललो होतो. मस्त वाटत होतं. मोहाचा वास येऊन राह्यला होता. ती काई थांबे नाई. रोज वळून पाहे, रोज गाये. मी ऐकतच नव्हतो. त्या दिवशी मंग लय रागावली."

आईचा हात गव्हात तसाच थांबला होता.

आता माझ्यासारख्या कोणी नेटवर्कवाल्यांनी हे वाचलं, तर त्यांचे प्रश्न मला माहीत आहेत, कारण ते सगळे मी स्वतःला विचारून झाले आहेत. कार्ड खराब असेल. रुळांवरून गाडी गेली की हादऱ्याने उठत असेल. बेबीकाकूंनी काहीतरी दाबलं असेल. फोनवर मला भास झाला असेल, किती दिवसांची झोप नव्हती. ह्यातलं एकेक मी मान्य करू शकते. पण मग आईलाही तोच भास? शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीलाही? आणि जी चाल मी त्याआधी कधीच ऐकली नव्हती ती बाबांना ओळखू आली, ती कशी? बोर्ड मी परत लावलं आहे, कॉम्प्युटरही तोच आहे, आणि त्यानंतर तो एकदाही आपल्या मनाने उठलेला नाही. मी कारण शोधून थकले आहे. नाही सापडलं. माझ्या कामात असं झालं तर बग उघडाच ठेवतात, बंद करत नाहीत. हाही तसाच उघडा आहे.

अंगणातल्या त्या दुपारी बाबांचं सांगून झालं. मग आईने सूप बाजूला ठेवलं. दवाखान्यातले सगळे दिवस ती मनातल्या मनात आत्याला काय काय बोलली असेल, ते तिचं तिलाच माहीत. बाबांकडे न पाहता ती म्हणाली,

"मंग तिले सांगून त द्या, पोचलो म्हनून. वाट पाहत उभी असन बिचारी."

बाबांनी डावा हात खाटेवर टेकवला, जरा सरळ बसले, आणि गोंडीत बोलायला लागले. चांगलं लांबलचक, मधेच हसत, मधेच थांबत. मी अर्थ विचारला नाही.